गुहेची फेरी निवडताना काय पाहावे? (सोबत आई आणि सात वर्षांची मुलगी)

प्रश्न
चुनखडीची एक गुहा पाहण्याचा विचार आहे. तेथे मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत आणि फेऱ्या दोन-तीन प्रकारच्या आहेत. आईचे गुडघे दुखतात, मुलगी अंधाराला घाबरते. कोणती फेरी घ्यावी आणि तयारी काय करावी, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.

प्रतिसाद १
फेरीचे अंतर पाहू नका, पायऱ्या किती ते विचारा. डोंगरावर चढ आधी असतो. गुहेत बहुधा उतरण आधी आणि चढ शेवटी, पाय थकल्यावर येतो. माझ्या वडिलांनी उतरताना कठड्याला हातही लावला नव्हता, परतताना मात्र ते दर दहा पायऱ्यांवर थांबत होते आणि अरुंद वाटेत मागची सगळी माणसे खोळंबली होती. अर्ध्यावरून परत फिरता येते का, हेही तिकिटाआधीच विचारावे. स्लोव्हेनियातील पोस्टोयना गुहेत १८७२ पासून रूळ आहेत आणि पर्यटकांना गाडीतून आत नेतात, पण अशी सोय क्वचितच आढळते.

खोल गुहेचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीजवळ, बाराही महिने जवळपास सारखेच राहते. पोस्टोयनात ते सुमारे १० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे बाहेर कडक ऊन असले तरी थंड प्रदेशात स्वेटर हवाच. वाट ओली असते. गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत.

प्रतिसाद २
अनेक मार्गदर्शक खरा काळोख दाखवण्यासाठी क्षणभर सगळे दिवे मालवतात. मुलीला आधी कल्पना द्या आणि मार्गदर्शकालाही सांगून ठेवा. लवणस्तंभांना (गुहेत छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे चुनखडीचे खांब) हात लावू नये, हेही तिला कारणासह सांगा: त्वचेचे तेल लागले की त्या जागी कॅल्साइट, म्हणजे ज्या खनिजाने हे स्तंभ वाढतात ते, नीट साचत नाही. मी पाहिलेल्या एका गुहेत वळणावरचा पांढरा स्तंभ नेमका हाताच्या उंचीवर जुन्या दाराच्या चौकटीसारखा तपकिरी, तुळतुळीत झाला होता.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चौकशी केली. छोट्या फेरीत नव्वद पायऱ्या आहेत, मधून परतता येत नाही. आईला सर्वांच्या मागे, सावकाश चालू द्यावे का?

प्रतिसाद १
मागे नको, मार्गदर्शकाच्या लगेच पाठीमागे ठेवा. पुढचे लोक थांब्यावर पोहोचून विसावतात, आणि शेवटचा माणूस धापा टाकत येतो तोवर माहिती सांगून संपलेली असते.