मदत हवी आहे: टू-बीची जुळवणी आणि एचएसएन कोड, एआयवर किती सोडावं? (कोल्हापूर, फाउंड्री)

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे अकाउंट्स आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं मी बघतो. माल न्हावा शेवाहून जातो, आयजीएसटी (निर्यातीवर भरून नंतर परत मिळणारा जीएसटी) भरून. १४ तारखेला टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारं आपल्या क्रेडिटचं विवरण) आली की २० तारखेच्या थ्री-बीपर्यंत (दरमहाचं जीएसटी रिटर्न) श्वास घ्यायला सवड नसते. स्क्रॅप, पिग आयर्न, वाळू, जॉबवर्क, ट्रान्सपोर्ट, आणि प्रत्येक पार्टीची बिल नंबर लिहायची तऱ्हा वेगळी. तिकडे जीएसटी खात्यात तपासणी तर मशीनच करतंय. टू-बीपेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं दिसलं की फरकाची विचारणा करणारी डीआरसी-०१सी आपोआप येते आणि उत्तराला मिळतात ७ दिवस. मग आपल्या बाजूलाही एआय हवं, असं मालकांचं म्हणणं. मलाही ते पटतं.

जुळवणीत ते खरंच कामाला येतं. ‘०४१/२४-२५’ आणि ‘४१’ हे एकच बिल असणार, हे जीएसटी नंबर, तारीख आणि रक्कम बघून बरोबर सांगतं. घोडं अडतंय एचएसएनवर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या कोडवर. पंप बॉडी एकच. बिलात ‘सीआय कास्टिंग’ लिहिलं तर ७३२५ (लोखंडाच्या ओतीव वस्तू) देतं, ‘पंप बॉडी’ लिहिलं तर ८४१३ (पंप आणि त्यांचे भाग). मशीनिंग झालंय का, हे विचारतसुद्धा नाही, आणि दोन्ही उत्तरं सारखीच ठाम. ड्रॉबॅक आणि रोडटेप (निर्यातदाराला कर-शुल्काचा परतावा देणाऱ्या योजना) दोन्ही कोडवरच ठरतात, म्हणून जीव टांगणीला लागतो.

एचएसएनसाठी कुणी एआय भरवशाने वापरतंय का? आणि कस्टमरचं ड्रॉइंग बाहेरच्या चॅटबॉटवर चढवायला माझं मन धजत नाही. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १:
दादा, मी सीएचएकडे (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) काम करतो. कोड ठरवायचं काम एआयला देऊच नका. पार्ट नंबरवार मास्टर (कोडची पक्की यादी) करा, त्यात रफ आणि मशीन्ड वेगळे ठेवा, आणि कोड एकदा सीएचए व सीएंकडून नक्की करून घ्या. अर्धवट वस्तूला तयार वस्तूचं मूळ रूप आलं असेल तर ती तयार वस्तूच्याच कोडात जाते, असा वर्गीकरणाचा नियम आहे. ते रूप आलंय का, हे पीस हातात घेऊन ठरतं. फारच घोळ असेल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे जाता येतं.

एआयला दुसरं काम द्या: जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि शिपिंग बिलातले (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) इन्व्हॉइस नंबर फाइल करण्याआधी ताडून बघायचं. एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी एसबी००५ हा एरर येऊन आयजीएसटीचा रिफंड अडकतो, मग जीएसटीआर-१च्या ९ए तक्त्यामधून दुरुस्ती करत बसा.

धागाकर्ता:
आभारी आहे, मास्टरचं उद्यापासूनच घेतो. ड्रॉइंगचं मात्र अजून कुणीतरी सांगा. ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेटशिवाय चालणारं मॉडेल कुणी बसवलंय का? जॉबवर्कवाल्यांची हाताने लिहिलेली मराठी चलनं त्याला वाचता येतात का?