हर्ली ते कॉपर हार्बर एटीव्हीने: जंगल बघायचं की मैल मोजायचे?

उत्तरवाट

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांचा बेत आहे. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या हर्लीहून निघायचं, माँट्रियल नदी ओलांडून मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात शिरायचं, बर्गलंड, मास सिटी, हौटन असं करत पार वरच्या टोकाला कॉपर हार्बर गाठायचं आणि परत यायचं. सहा माणसं, तीन साइड-बाय-साइड, म्हणजे कच्च्या जंगली वाटांवर चालणाऱ्या एटीव्हीचा मोठा भाऊ: स्टिअरिंग आणि शेजारी शेजारी सीट असलेल्या गाड्या. सगळ्या भाड्याने.

हे ओळखीतल्या काही ट्रेकर मंडळींना सांगितलं तर एकाने तोंड वाकडं केलं. म्हणाला, जंगलात इंजिन नेणं म्हणजे वाचनालयात वरात नेणं. वाक्य झकास आहे, पण मला पटलेलं नाही. माझ्या वडिलांचं वय ६८, एक गुडघा बदललेला. पाठीवर सॅक टाकून ते कधीही या जंगलात जाणार नाहीत. शिवाय ज्याला आपण 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो ते हे जंगल नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला इथला पांढरा पाइन बेसुमार तोडला गेला, आज दिसतं ते बहुतांशी नंतर उगवलेलं. आम्ही जाणार त्यातला बराच ट्रेल तांबं आणि लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या मार्गावर आहे. जिथे वाफेची इंजिनं धडधडत गेली, तिथे माझं छोटं इंजिन गेल्याने असं काय बिघडणार आहे?

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. बेतात काही चुकत असेल तर तेही सांगा.

तंबूवाला

वेगळं मत माझं आहे, तेव्हा लिहितो.

रेल्वेचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण रेल्वे दिवसातून ठरावीक वेळा जायची आणि रुळावरूनच जायची. तुमची गाडी डबकं दिसलं की बाजूने वळसा घालते. पुढचा माणूस त्याच्याही बाजूने. दोन हंगामांत आठ फुटांची वाट पंचवीस फुटांची होते. इथली ओली जमीन म्हणजे पीट, वर्षानुवर्षं कुजून साठलेला स्पंजसारखा थर. त्यात उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात बुजत नाही, तिचा नाला होतो.

एक प्रसंग सांगतो. सप्टेंबरमध्ये एका ओढ्याकाठी बसलो होतो. पाणी इतकं स्वच्छ की तळातले वाळूचे कण मोजावेत. ब्रूक ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत उभे होते. आवाज आधी आला, गाड्या पुष्कळ उशिरा. चार होत्या. पुलावरून न जाता मजा म्हणून पाण्यातून गेल्या. माणसं हसरी, हात करून गेली, वाईट अजिबात नव्हती. नंतर चहाच्या रंगाचं पाणी खाली येत राहिलं आणि मासे दिसेनासे झाले. ट्राउट खडीत अंडी घालतात ते शरदातच. त्या खडीवर गाळ बसला की खालच्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

मिशिगनमध्ये या गाड्यांना ९४ डेसिबलपर्यंत आवाजाची परवानगी आहे. मोजतात यंत्रापासून २० इंचांवर, ते मान्य. पण तुम्ही जंगल 'बघायला' जाताय म्हणता, ते जंगल तुमच्या दोन मैल पुढे आधीच गप्प झालेलं असतं.

आणि 'अस्पर्श नाहीच' हे तर अर्धसत्य आहे. तुमच्या वाटेजवळच पॉर्क्युपाइन माउंटन्स आहेत. तिथे सुमारे ३५ हजार एकर जुनं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल उभं आहे, हेमलॉक आणि मेपलचं. तिथे तुमची गाडी नेता येत नाही. ते अजून तसं का आहे याचं अर्धं उत्तर त्या बंदीत आहे.

गियर लो

मी गेली अकरा वर्षं या भागात एटीव्ही चालवतोय, म्हणजे तंबूवाल्यांच्या हिशोबाने खलनायक. पण आधी उत्तरवाट यांच्या बेताकडे बघू, कारण तो मला चालवणाऱ्याच्या नजरेनेही फसलेला वाटतो.

ट्रेलवर सरासरी वेग, थांबे धरून, ताशी पंधरा-वीस मैल पडतो. नवख्यांचा त्याहून कमी. तुमचा जायचा रस्ताच दीडशे मैलांच्या वर आहे आणि तितकंच परत. म्हणजे रोज सहा-सात तास बसून हादरे खायचे, तेही चार दिवस सलग, बदललेल्या गुडघ्यासकट. त्यात एक गंमत तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. हर्ली आणि नदीपलीकडचं आयर्नवुड सेंट्रल वेळेवर चालतात. बर्गलंड ईस्टर्न वेळेवर. म्हणजे जाताना एक तास घड्याळातून गायब. ऑक्टोबरात आधीच दिवस आखडलेला असतो. हॉटेलचं चेक-इन आणि पेट्रोल पंपाच्या वेळा कुठल्या घड्याळाने धरल्यात ते बघून ठेवा.

दुसरं, तुम्ही ज्या रेल्वे मार्गाचं कौतुक केलंत, तो बिल निकल्स ट्रेल, मास सिटीकडून हौटनच्या अलीकडेपर्यंत, साधारण ४१ मैल. कॉपर रेंज रेल्वेची जुनी वाट. फायरस्टील नदीवरचे तीन उंच पूल सोडले (ते मात्र खरंच बघण्यासारखे, मधोमध थांबून खाली बघितलं की पोटात गोळा येतो), तर रेल्वेची वाट ती रेल्वेचीच. सरळ, सपाट, आणि वर पत्र्याच्या छपरासारख्या बारीक लाटा. धूळ उडते. पहिल्या गाडीला जंगल दिसतं, दुसरीला पहिलीची धूळ आणि तिसरीला नुसती धूळ. संध्याकाळी तिसऱ्या गाडीतल्यांना ओळखायला तोंड धुवावं लागतं.

जंगल असतं ते छोट्या वळणावळणाच्या लूपमध्ये, जिथे ताशी आठ मैलांनी जावं लागतं. एका गावात तळ ठोका, रोज पन्नासच्या आत फिरा. कॉपर हार्बरचं खूळ सोडा.

आता तंबूवाले. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांबद्दल तुमच्याइतकाच मीही चिडतो, कारण त्यांच्यामुळे ट्रेल बंद होतात. पण ते बेकायदा होतं आणि तुम्ही ते सगळ्यांच्या माथी मारताय. एप्रिलमध्ये जमिनीतला बर्फ वितळून चिखल होतो तेव्हा वाटा बंद ठेवतात. त्या बंद ठेवा म्हणून काउंटीच्या मागे लागणाऱ्यांत एटीव्ही क्लबची माणसं पुढे असतात. मे महिन्यात कल्व्हर्टमधला, म्हणजे वाटेखालच्या मोरीतला, कचरा काढायला, पुलाच्या फळ्या बदलायला कोण येतं? ट्रेकर मी तरी एकदाच पाहिला, तोही रस्ता विचारायला थांबलेला.

शंकेखोर

एक भाबडा प्रश्न. कॉपर हार्बरपर्यंत यूएस ४१ हा हायवे जातो, किंबहुना तो मायामीहून निघतो आणि तिथेच संपतो. वडिलांना मेपलचे लाल-पिवळे रंगच दाखवायचे असतील तर कारमध्ये हीटर लावून बसवा की. काही हजार डॉलर घालून धूळ खायला का न्यायचं? 'वडिलांसाठी' या शब्दाआड नक्की कोणाची हौस लपली आहे?

उत्तरवाट

शंकेखोर, बाण वर्मी लागला. हौस माझीच आहे. पण वडिलांचीही आहे. त्यांना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मला चालवायला देतील का?" कारमध्ये बसून ते झोपतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

तंबूवाले, ओढ्याचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या नियमाने गुडघे धड असलेल्यांनाच जंगल, असं होतं. हे मला अजूनही खटकतं.

गियर लो, वेळेच्या फरकाचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. सोबत माझी १३ वर्षांची भाचीही आहे. विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षांपासून चालवता येतं असं वाचलं, तर मोकळ्या वाटेवर तिला थोडं चालवायला द्यावं म्हणतोय.

दोन लेकरांची आई

थांबा थांबा. अर्धवट वाचलंय तुम्ही.

बारा वर्षं हे एटीव्हीसाठी, म्हणजे घोड्यासारखं टांग टाकून बसायचं आणि हँडलबारने चालवायचं त्या गाडीसाठी, आणि तेही सेफ्टी कोर्सचं सर्टिफिकेट असेल तर. तुम्ही घेताय ती साइड-बाय-साइड. ती विस्कॉन्सिनमध्ये चालवायला किमान १६ पूर्ण लागतात. भाचीने स्टिअरिंगला हातही लावायचा नाही. आणि १८ च्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं, शेजारी बसली तरी.

कायदा बाजूला ठेवा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं सरळ आहे: सोळाच्या आतल्या मुलांनी ही यंत्रं चालवूच नयेत. मी इथल्या इमर्जन्सी विभागात नर्स आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी येणारी मुलं बहुतेक वेळा 'मोकळ्या वाटेवर थोडंसंच' चालवत असतात. एका मुलाच्या पोटरीवर टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. गाडी कलायला लागली म्हणून त्याने सायकलसारखा पाय टेकवला आणि मागचं चाक त्या पायावर चढलं. शरीराची ती सवयच असते, मूल असो की मोठा माणूस.

आणि आता मोठ्यांचं. तुम्हा सहाजणांत १ जानेवारी १९८८ ला किंवा त्यानंतर जन्मलेले किती? चालवणाऱ्या त्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनच्या सार्वजनिक वाटांवर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. गंमत म्हणजे तुमच्या वडिलांना लागत नाही!

उत्तरवाट

भाची सोडली तरी तिघे ८८ नंतरचे. आणि चालवणार होतो ते नेमके आम्हीच तिघे. कपाळाला हात लावलाय.

तंबूवाला

गियर लो, कल्व्हर्ट साफ करणाऱ्यांना नमस्कारच आहे. पण 'आम्ही पैसे भरतो, आम्ही राबतो, म्हणून वाट आमची' हा सूर मला मान्य नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन आणि पेट्रोलवरच्या करातून ट्रेलचा पैसा येतो, ठीक. त्या पैशातून वाट दुरुस्त होते. टायरच्या चिखलातून आलेली नॅपवीड आणि गार्लिक मस्टर्डसारखी परकी तणं कोण उपटणार? ट्रेलरवर चढवण्याआधी गाडी धुणारे किती, तुम्हीच सांगा.

आणि हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशी वाहनं कुठे चालतील ते ठरवा, आणि ठरवताना माती, पाणी, वन्यजीव आणि बाकीच्या माणसांना होणारा त्रास कमीत कमी राहील हे बघा. तरी राष्ट्रीय जंगलांमध्ये 'नकाशावर दाखवलेल्या वाटा सोडून सगळं बंद' हा सरसकट नियम यायला २००५ उजाडलं. तेहतीस वर्षं! त्या तेहतीस वर्षांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी मी अजून तुडवतोय.

गियर लो

वाट आमची असं मी म्हटलेलं नाही. राबतो तो दिसावा एवढंच. गाडी धुणारे कमी आहेत, हे मात्र कबूल. मी धुतो, कारण बायको गॅरेजमध्ये येऊ देत नाही.

तुम्ही म्हणता तो नकाशा, मोटर व्हेइकल यूज मॅप, उत्तरवाट यांनी जरूर घ्यावा. दिसायला रुक्ष, काळा-पांढरा आहे, पण विस्कॉन्सिनच्या शेक्वामेगॉन-निकोलेट राष्ट्रीय जंगलात कुठली वाट कोणत्या गाडीला, कोणत्या महिन्यांत उघडी, ते त्यावर असतं. मिशिगनमध्ये रुंदीही बघा. 'ट्रेल' म्हणून नोंद असेल तर ५० इंचांपर्यंतच्याच गाड्या, 'रूट' असेल तर त्याहून रुंदही चालतात. भाड्याच्या बऱ्याच साइड-बाय-साइड ५० पेक्षा रुंद असतात. म्हणजे मी वर ज्या वळणदार वाटांचं कौतुक केलं त्यातल्या काही तिकडे तुम्हाला बंदच. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

नदी ओलांडली की परवाना वेगळा: ओआरव्ही (ऑफ-रोड व्हेइकल) लायसन्स आणि ट्रेल परमिट मिळून ३६.२५ डॉलर, प्रत्येक गाडीला. आणि भाड्याचा करार नीट वाचा, राज्याबाहेर गाडी नेऊ देतात का, आणि ड्राइव्ह बेल्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याचे, पैसे कोणाचे. हे शेवटचं महत्त्वाचं. चढावर किंवा चिखलात हाय गियरमध्ये हळूहळू रेटत राहिलात की ड्राइव्ह बेल्ट तापतो, जळक्या रबराचा वास येतो आणि जंगलाच्या मधोमध गाडी बसते. मग जो हिशोब होतो तो तुमच्या कार्डावर. माझं इथलं नाव कुठून आलं ते कळलं असेल.

शंकेखोर

म्हणजे आतापावेतो: वाट रुंदीत बसत नाही, चालवणाऱ्यांना सर्टिफिकेट नाही, घड्याळ एक तास खातं, भाची स्टिअरिंगपासून लांब. कार आणि हीटरचा माझा प्रस्ताव अजून टेबलावर आहे.

उत्तरवाट

टेबलावरच राहू द्या. काल रात्री बसून सगळं नव्याने मांडलं. कॉपर हार्बर रद्द. मिशिगनमध्ये एटीव्ही नेणंही रद्द, फायरस्टीलच्या पुलांसाठी जीव तुटतोय तरी. हर्लीत तीन रात्री मुक्काम, दोन साइड-बाय-साइड, आयर्न काउंटीतल्या वाटा, दिवसाला चाळीस मैल. पोटॅटो रिव्हरचा धबधबा वरून बघायचा, खाली पायऱ्या भरपूर आहेत त्यामुळे वडील वरच थांबतील. आम्ही तिघे ऑनलाइन कोर्सला बसलोय. त्यातल्या पहिल्या सराव परीक्षेत मी नापास झालो आणि भाची, जी नुसती मागे उभी होती, तिला सगळी उत्तरं येत होती.

चौथ्या दिवशी पॉर्क्युपाइन माउंटन्स. गाडी बाहेर, आम्ही पायी, वडिलांना झेपेल तेवढं. तंबूवाले, तिथे छोटी, सपाट वाट कोणती?

तंबूवाला

लेक ऑफ द क्लाउड्स हे तळं वरून बघायचा कठडा. पार्किंगपासून अगदी जवळ आहे, वडिलांना जमेल. सकाळी लवकर जा. एटीव्हीबद्दल माझं मत आहे तेच आहे, तुमचा बेत मात्र आधीपेक्षा बरा झालाय. ओढा दिसला तर पुलावरून जा.

दोन लेकरांची आई

वडील चालवणार आहेत का शेवटी?

उत्तरवाट

हो. चालवणाऱ्यांत सर्टिफिकेट न लागणारे तेवढे एकटेच, हे त्यांना कळलंय. दिवसातून तीनदा ऐकवतात.

गियर लो

मग त्यांना निघण्यापूर्वी एकच गोष्ट सांगा. पट्टा बांधलेला, बाजूची जाळी लावलेली, आणि गाडी कलंडायला लागली तर हात बाहेर काढून जमीन अडवायची नाही, पाय तर नाहीच. स्टिअरिंग घट्ट धरून बसायचं. दोनदा सांगा. तिसऱ्यांदा सांगितलंत की चिडतील, पण चिडले की त्यांच्या लक्षात राहील.