वर्डमधली रेघ डिलीटच होत नाही आणि लिब्रेऑफिसमध्ये चौकट गायब, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचा लग्नाचा बायोडाटा करतोय आणि स्थळं बघण्यापेक्षा हेच जास्त डोकं खातंय. वर्डमध्ये पानाला वेलबुट्टीची चौकट दिली (त्या यादीत सफरचंदं नि आईस्क्रीमचे कोनपण आहेत, कोण वापरतं काय माहीत). वर 'श्री गणेश प्रसन्न' लिहून खाली बरोबरची चिन्हं तीनदा टाइप करून एंटर मारलं तर आपोआप दुहेरी रेघ आली, मस्त वाटलं. आता ती नकोय तर जातच नाही, सिलेक्ट होत नाही, बॅकस्पेस मारला की गणपतीची ओळच खाऊन टाकतो.

मग घरच्या जुन्या पीसीवर लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखाच फुकटचा प्रोग्राम) फाईल उघडली तर वेलबुट्टीचा पत्ता नाही, आणि वर्डमध्ये पाऊण पॉइंटची ठेवलेली रेघ इथे २.२५ ची दाखवतं. मी ०.७५ केली तर दोन्ही रेघा चिकटून एक झाली. आणि झेरॉक्सवाल्याकडे वर्डवरूनच प्रिंट मारली तर चौकटीची खालची बाजू उमटलीच नाही, तो म्हणे फाईलच तशी आहे. काय करू?

प्रतिसाद:
ती रेघ म्हणजे वेगळी वस्तू नाहीये हो, म्हणून पकडता येत नाही. ती तुमच्या गणपतीच्या परिच्छेदाची खालची बॉर्डर आहे. कर्सर त्या ओळीत ठेवा, होम टॅबवर बॉर्डरच्या बटणात 'नो बॉर्डर' करा, गेली. कंट्रोल क्यूनेपण जाते पण मग ओळ मधोमध केलेली असेल तर तेही जाईल. पुढच्या वेळी रेघ आल्या आल्या कंट्रोल झेड मारा, टाइप केलेली चिन्हं परत येतात. कायमचं बंद करायचं तर ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, तिथे 'ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप' मध्ये 'बॉर्डर लाइन्स'ची टिक काढा.

जाडीचं म्हणाल तर दोन्हीकडे बरोबरच आहे. वर्ड एका रेघेची जाडी सांगतं, लिब्रेऑफिस दोन रेघा अधिक मधली फट असं सगळं मिळून सांगतं, म्हणून तिप्पट. हात लावू नका. वेलबुट्टी मात्र तिकडे नाहीच, नागमोडी रेघपण नाही.

प्रिंटमध्ये फाईलचा दोष नाही असं नाही, पण चूक तुमचीही नाही. वर्ड पानाची चौकट मुळात कागदाच्या कडेपासून २४ पॉइंट आत काढतं, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि बऱ्याच प्रिंटरना खाली तेवढ्या कडेला छापताच येत नाही. पेज बॉर्डर्सच्या ऑप्शन्समध्ये 'मेझर फ्रॉम'ला 'टेक्स्ट' निवडा, नाहीतर आकडा वाढवा, पण ३१ च्या वर घेत नाही.

धागाकर्ता:
गेली रेघ!! धन्यवाद दादा, चौकटपण चारी बाजूंनी उमटली. आता एकच, 'कौटुंबिक माहिती'च्या सगळ्या ओळींना मिळून एक बॉक्स दिलाय तर 'मामा' वाली ओळ वेगळ्या डब्यात जाऊन बसते.

प्रतिसाद:
त्या ओळीचा इंडेंट (म्हणजे समासापासून ओळ किती आत आहे ते) बाकीच्यांपेक्षा वेगळा असणार, रूलरवर बघा. बॉर्डर आणि इंडेंट दोन्ही सारखे असले तरच वर्ड परिच्छेद एका चौकटीत घेतं. आणि पाठवताना वर्डमधूनच पीडीएफ करून पाठवा, समोरच्यांच्या मोबाईलवर काय आहे कोणाला ठाऊक.

धागाकर्ता:
इंडेंटच होता. मामा घरात आले.