मदत हवी आहे: नियुक्तीपत्र नसलेल्या वार्ताहराला युनियनचं सभासदत्व मिळतं का?

नमस्कार. मंगळवेढा तालुक्यातून सोलापूरच्या एका दैनिकासाठी बातमीदारी करतो. महिन्याचं मानधन आणि जाहिरातींवर कमिशन, दोन्ही बँकेत जमा होतं. सध्या मानधन थकलंय. सोलापुरात एका संघटनेकडे अर्ज आणायला गेलो, तर नियुक्तीपत्र किंवा संपादकांचं पत्र मागितलं. तेच तर मिळत नाही! शिवाय अर्जाचं ऑफिसला आत्ताच कळायला नको, नाहीतर उद्यापासून माझ्या बातम्या बंद.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या व्याख्येत अर्धवेळ काम करणारेही होते, फक्त पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय हवा. माझा तोच आहे, दुसरं उत्पन्न नाही. हाताशी ओळखपत्र (मुदत मार्चमध्ये संपली), पासबुक आणि नावानिशी छापलेल्या बातम्यांची कात्रणं आहेत. तालुका पत्रकार संघात आहेच, पण तिथे सत्कार नि पत्रकार दिन होतात. मला कामगार आयुक्तांपुढे बाजू मांडणारी नोंदणीकृत युनियन हवी आहे.

फक्त पासबुक आणि कात्रणांवर कुणी सभासद झालंय का? आणि जाहिरातीचं कमिशन घेतो म्हणून अर्ज अडतो का?