मदत हवी आहे: चावडीतल्या महायुद्धाच्या पाटीवरची नावं वाचायची आहेत

माणकाठ: मंडळाची अकरावी-बारावीची पोरं गावातून लढाईवर गेलेल्यांची यादी करताहेत. चावडीच्या भिंतीतल्या पाटीवर रंगाचे थर चढलेत, नावं लागत नाहीत. काय लावून साफ करू? ग्रामसभा जवळ आलीय, लवकर सांगा.

दगडफूल: कुठली लढाई? दगड कुठला? रंग की चुना? तालुका?

रंगारी७७: पातळ अ‍ॅसिड मारा. दहा मिनिटांत लख्ख.

दगडफूल: अजिबात नको! संगमरवर असेल तर फेस येतो तो दगड विरघळल्याचा, उथळ अक्षरं आधी जातात. तारेचा ब्रशही नको. अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला टेकवून तिरपी धरा, फ्लॅश बंद ठेवून चारही बाजूंच्या उजेडात फोटो काढा. चुना असेल तर साधं पाणी आणि बांबूची काडी. ऑइलपेंट असेल तर जाणकाराशिवाय हात लावू नका.

माणकाठ: संगमरवर, ऑइलपेंट. खटाव तालुका. टॉर्चनं इंग्रजी ओळी दिसल्या, १९१४-१९१९ आणि दोन आकडे. नावं खाली असतील ना?

शिलाछाप: नसणार. या सरकारी पाट्यांवर बहुधा एवढंच असतं: गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. मृतांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. आडनावानं शोधू नका, जादा माहितीच्या रकान्यात गाव टाका. तिथं बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका असतो. स्पेलिंग जुनं: ‘खटाव’च्या शेवटी व्ही नाही, ओ. इराकमधलं बसरा स्मारक लिहिलेलं दिसलं तर कबर शोधत बसू नका, ते कबर न सापडलेल्यांचं आहे.

तोफखाना: फक्त मराठा पलटणी बघा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ होत्या.

शिलाछाप: तेवढ्यावर थांबलात तर गावातली बरीच माणसं सुटतील. १९१७ ची १११ वी महार पलटण, खडकीचे सॅपर्स (लष्करी अभियंते), मजूर आणि हमाल तुकड्या? पोरांनी सगळ्या आळ्यांत फिरायला हवं.

जयजवान: आधी मराठा पलटणीतले यशवंत घाडगे शिकवा! इटली, १० जुलै १९४४, व्हिक्टोरिया क्रॉस.

माणकाठ: ते दुसरं महायुद्ध. परत आलेल्यांचं काय?

शिलाछाप: ते कमिशनच्या यादीत नसतात. घरोघरी पदकं बघा, गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते.

माणकाठ: काळी पडलेली ब्रासोनं घासू?

दगडफूल: नको, कोरीव झिजतं. भिंगानं वाचा, कडेचा फोटो घ्या, पदक घरच्यांच्या हातात परत द्या.