रेडिओसाठी शिकतेय, पण सर माईकच हातात देईनात

संध्यामठ यांचा प्रश्न:

नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. आवाज चांगला आहे असं शाळेपासून ऐकत आलेय, गल्लीतल्या मंडळाचं सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात असतं. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक, म्हणजे कायम नोकरी नाही, लागेल तेव्हा बोलावतात तशी, व्हायचं डोक्यात आहे. ओळखीतले एक निवृत्त निवेदक रविवारी शिकवतात, पैसे घेत नाहीत. पण माईक नाही की हेडफोन नाही. गुळाचे सौदे, हवामान, धरणातले साठे असलं पेपरातलं काहीबाही वाचायला लावतात, मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि मलाच ऐकवतात. परवा राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांच्या एका बातमीवर अर्धा तास गेला. म्हणाले, "तू वाचतेयस, सांगत नाहीस."

शहरात एक आरजे, म्हणजे रेडिओ जॉकीचा, कोर्स आहे. स्टुडिओ, डेमो, सर्टिफिकेट, सगळं महिन्याभरात. फी मात्र माझ्या पगाराला झेपेल न झेपेल अशी. तिकडे जाऊ, की सरांकडेच राहू?

जुना फेडर:

ताई, कोर्सचं नंतर बघू. धरणाच्या बातमीवर अर्धा तास का गेला ते आधी सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे रेडिओला कान लावणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आता मोठ्यानं म्हणून बघा: एकोणचाळीस, एकेचाळीस. नदीकाठच्या प्रयाग चिखलीतला माणूस गोठ्यात आहे, पत्र्यावर पाऊस वाजतोय, जनावरं आजच हलवायची का ते त्याला ठरवायचंय. त्याच्या कानाला या दोन आकड्यांत फरक कळेल का? पेपरातला आकडा पुन्हा बघता येतो, रेडिओवरचा गेला तो गेला. म्हणून आधी ठिकाणाचं नाव घ्यायचं, म्हणजे ज्याला हवंय तो कान देतो. मग किंचित थांबायचं, मग आकडा, आणि लगेच तोच आकडा दुसऱ्या वाटेनं: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकेचाळीस फुटांवर, म्हणजे इशारा पातळीच्या दोन फूट वर." आता ऐकणारा चुकायचा नाही.

हे नुसता कागद वाचून जमत नाही. कागद आधी आपल्या तोंडात बसेल असा फिरवून लिहावा लागतो. "विसर्ग सुरू करण्यात आलेला आहे" हे खात्याचं मराठी. "धरणातून पाणी सोडलं आहे" म्हणा, म्हातारीलाही कळेल. 'सांगत नाहीस' म्हणजे सरांना हेच म्हणायचं असणार.

उच्चारांवरून ते जीव खात असतील, तर त्यालाही कारण आहे. आमची पिढी सांगली केंद्र ऐकत वाढली, १२५१ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्ह. तिथं आवाजाचा वरचा, बारीक पट्टीचा भाग कापला जातो, आणि 'स'ची शीळ नेमकी त्याच भागात असते. त्यात वीज कडाडली की खरखर. व्यंजन नीट फुटलं नाही तर शब्द हातचा जायचा. आता कोल्हापूरच्या १०२.७ एफएमवर आवाजाचा तो वरचा भागही, १५ किलोहर्ट्झपर्यंत, स्वच्छ ऐकू येतो, म्हणून पोरं बिनधास्त शब्द गिळतात. पण ट्रॅक्टरवर किंवा खडखडणाऱ्या एसटीत ऐकणाऱ्याची गत अजून तीच आहे.

मंडळाच्या सूत्रसंचालनाची सवय मात्र मोडा. मंडपात समोर गर्दी असते, रेडिओ माणूस एकटा ऐकतो. "तमाम रसिक श्रोतेहो" कानावर आलं की मी आजही आवाज बारीक करतो.

निवडीचं म्हणाल तर केंद्राची जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी. पुढं 'वाणी' नावाचं आकाशवाणीचंच प्रशिक्षण असतं. ड्यूट्या महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा फाउंड्री सोडू नका.

केबलवाला:

माईकचं एवढं काही नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरा आणि सरळ समोर न धरता गालाच्या बाजूला तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फटका बसत नाही. खोलीत गादी, रजई, कपड्यांचं उघडं कपाट असू दे, घुमणं कमी होतं. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आवाज संपादनाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये, उघडून लेव्हल बघा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावा, शून्याला टेकला की आवाज फाटला. आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडतोय का बघा, नव्या माणसाचा हमखास पडतो. क्रियापदच ऐकू येत नाही, पाणी वाढलं का उतरलं काय कळायचं?

सकाळची शिफ्ट:

थोडं उलटं बोलतो. मी खासगी एफएमवर आहे. आमच्याकडं स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. ट्रॅफिक, हवामान, पुराच्या वेळी प्रशासनाकडून आलेली माहिती, एवढं चालतं. बाकी खेळ गाण्यांच्या मधला. गाण्याचा इंट्रो १४ सेकंदांचा असेल तर १३ व्या सेकंदाला तुमचं तोंड बंद पाहिजे, गायकाच्या पहिल्या शब्दावर पाय पडता कामा नये. ते स्टुडिओतल्या पॅनेलवर, म्हणजे गाणी आणि माईक चालवायच्या बटणांपुढं, बसल्याशिवाय येत नाही, कितीही सौदे वाचा. आरजे व्हायचं असेल तर कधीतरी स्टुडिओ लागणारच. पण तुम्ही आकाशवाणी म्हणताय, मग महिन्याभराच्या सर्टिफिकेटला तिथं कोण विचारतंय?

संध्यामठ:

सगळ्यांचे आभार. कोर्सवाल्यांना फोन करून एकच विचारलं: प्रत्येकाचं रेकॉर्डिंग बसून ऐकता का? म्हणाले, बॅच मोठी असते, शेवटी डेमो ऐकतो. तेव्हा सध्या नाही जात. फेडर काका, सर गुळाचे सौदे इतके का वाचायला लावतात, तेवढं सांगा.

जुना फेडर:

कारण त्यात नुसते आकडे असतात, भावना ओतायला जागाच नसते. पुढच्या रविवारी किमान, कमाल आणि सरासरी दर असे वाचा, की शेतकऱ्याला पेन न घेता लक्षात राहतील. आणि सर थांबवतील तिथं का थांबवलं ते विचारा, ते आपणहून सांगायचे नाहीत.