मॉरिशसची मेट्रो झकास, पण रॉड्रिग्जचं काय?

दर्यावर्दी:
कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसला होतो. परत आल्यापासून जो तो विचारतो, "मेट्रोत बसलात का?" बसलो. राजधानी पोर्ट लुईस ते पठारावरचं क्यूरपीप, साधारण २६ किलोमीटर, थंडगार डबे. भारताने २७.५ कोटी डॉलरचं अनुदान दिलं, बांधली एल अँड टीने. कॉलर ताठ होते, नाही कशाला म्हणू!

तरीही मला वाटतं, आधी बेटं जोडायला हवी होती. रॉड्रिग्ज हे मॉरिशसचंच बेट, पण मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटरवर, वस्ती चाळीस हजारांच्या वर. तिथली धावपट्टी आखूड, म्हणून एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात. आमच्या ऑफिसात तिकडची एक मुलगी होती. तिची आजी गेली तेव्हा नुकतंच वादळ येऊन गेलेलं, विमानांची रांग तुंबलेली. जहाजाने जावं तर दीड दिवस. दोन दिवस ती फोन कानाला लावून बसली होती. शेवटी अंत्यविधी तिने व्हिडिओ कॉलवर पाहिला, आमच्या पँट्रीत उभी राहून.

रूळवेडा:
वाईट वाटलं. पण हिशेबाला हिशेब. देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, त्यातले रॉड्रिग्जचे किती?

क्यूरपीप-पोर्ट लुईस पट्टा का गजबजला, तेही बघा. १८६६-६८ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली आणि किनाऱ्यावरची माणसं जीव मुठीत धरून पठारावर चढली. रेल्वे १८६४ लाच सुरू झाली होती. मग काय, बिऱ्हाड वर, कचेरी खाली! १९५६ ला प्रवासी गाड्या बंद केल्या, १९६४ ला मालगाड्याही. माणसं मात्र तिथेच राहिली आणि सगळा भार रस्त्यावर आला. मेट्रोचा काही भाग त्या जुन्या रेल्वेच्याच वाटेवरून जातो. मोडलेलं परत उभं केलं, त्यात चूक काय?

अर्धवटराव:
तिथे विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना २००५ पासून बस फुकट आहे. आणखी चार बस घ्यायच्या. रूळ कशाला?

रूळवेडा:
@अर्धवटराव, चार काय, चारशे घ्या. सकाळी आठ वाजता सगळ्या एकाच कोंडीत उभ्या राहतील. फुकट उभ्या राहतील, एवढंच.

वाक्वावाली:
मी लग्न होऊन इथे मॉरिशसच्या वाक्वा गावात आले त्याला बरीच वर्षं झाली. सासरचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेले. घरात बोलणं क्रिओल, गणपतीची आरती तेवढी मराठीत.

आमच्याकडे मेट्रो २०२२ ला आली. नवरा खूश, गाडी घरीच ठेवतो. सासूबाईंना विचाराल तर वेगळं ऐकाल. बस घराच्या कोपऱ्यावर थांबते. मेट्रोला जायचं तर पंधरा मिनिटं चालायचं, त्यात इथला पाऊस, आणि गुडघे त्यांचे. एकदा हौसेने गेल्या. उतरल्यावर बाजारातून दालपुरी घेतली आणि बसनेच घरी आल्या! तेव्हा मेट्रो हवी की नको यापेक्षा, स्टेशनपर्यंत माणूस पोचणार कसा, ते बोला.

अर्धवटराव:
आणि आगालेगा? तेही मॉरिशसचंच, नारळाचं बेट. माणसं जेमतेम तीनशे, धावपट्टी तीन किलोमीटर. भारतानेच बांधली, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन. दर्यावर्दी, बेटं जोडायची ना तुम्हाला? ही घ्या जोडणी. एवढी लांब पट्टी खोबरं न्यायला नाही लागत हो!

दर्यावर्दी:
नाही लागत, मान्य. हिंदी महासागरावर नजर ठेवायची सोय आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आगालेगा मुख्य बेटापासून ११०० किलोमीटरवर. पूर्वी जहाज वर्षातून मोजक्या वेळा यायचं. बाळंतपणासाठी बाईने आधीच मॉरिशस गाठायचं आणि तिथेच वाट बघत बसायचं. आता निदान विमान उतरू शकतं. हेतू काही का असेना.

माझा राग वेगळाच आहे. तीनशे माणसांच्या बेटावर लांब पट्टी झाली, कारण ती दुसऱ्या कुणाला हवी होती. रॉड्रिग्जची फक्त रॉड्रिग्जवाल्यांना हवी आहे.

रूळवेडा:
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर मी मेट्रोवरून भांडलोच नसतो.

वाक्वावाली:
भांडा हो. पण जहाजाला नावं ठेवू नका. रॉड्रिग्जची लिंबं आणि मिरचीचं लोणचं त्यातूनच येतं आमच्याकडे.